शेपटाची पट्टी

पिंपळशेवडे, ता. शिंदखेडा
होळीच्या अलीकडचा आठवडा

प्रिय नवल,

'प्रिय' लिहिलंय ते शाळेत बाईंनी पत्राची सुरुवात अशी करायला शिकवलं म्हणून. त्यातून जास्त काही काढू नकोस. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या भाऊजींनी लावून बघितला, पुनमने लावून बघितला, मी तर लावणारच नव्हते. व्हॉट्सअपवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सामसूम. म्हणून हे पत्र. पुनम जळगावला कॉलेजात परत निघाली आहे, ती तुझ्या दारात उभी राहून हे तुझ्या हातात देईल आणि तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचेस्तोवर तिथून हलणार नाही. भाची आहे, तिला हाकलायची तुझी छाती होणार नाही. माझी लेक आहे, ती हलायचीही नाही.

तुझे रुपचंद चौधरी मागच्या आठवड्यात येऊन गेले, यावलचे. माणूस वाईट नाही रे. पांढरी गाडी पारापाशी लावली, चपला काढून मारुतीला हात जोडले, चहा घेतला आणि मग हळूच म्हणाले, नवलभाऊंच्या पट्ट्या बघायच्या आहेत. तू इसार घेतलास हे गावाला त्यांच्या तोंडून कळलं. बहिणीलाही त्यांच्याच तोंडून कळलं. मी भांडी घासत होते, हात राखेचे, तशीच उभी राहिले. पाहुण्यासमोर काय बोलणार? म्हटलं, बघा ना, सगळं उघड्यावरच आहे. मग ते आपल्या पाटाखालच्या सामाईक शेतात, फडात उतरले आणि तासभर फिरले. बांध नाही, खुणेचा दगड नाही, एका फडात सगळीकडे एकच पीक उभं, त्यात एकाची पट्टी कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते ते बाहेरच्या माणसाला कसं कळावं? त्यांनी बेबाबाईला विचारलं तर तिने पूर्वेला बोट दाखवलं. दुसऱ्याने पश्चिमेला. पुना पाटकरी, म्हणजे फडाला पाणी देणारा आपला पुना, तो तर कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आठे एकनं काहीच नही शे भाऊ, बठ्ठं बठ्ठासनं शे." सगळं सगळ्यांचं कसं असेल? त्यांना वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. तुला माहीत आहे, नव्हती. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि घरी आल्यावर ते हसण्याचं राहिलं नाही.

ते केळी लावणार आहेत. तुझ्या चारही फडांतल्या चारही पट्ट्यांत. ठिबक टाकणार, बोअर करणार. त्यांच्या गावाला ते शोभतं, तिकडे सातपुड्याचं पाणी आहे. आपल्याकडे काय आहे? नदी म्हणायची आणि आठ महिने तिच्यातून बैलगाडी हाकायची. केळीला बाराही महिने पाणी लागतं आणि आपला पाट उन्हाळ्यात बंद होतो, म्हणून बोअर. बोअर झाला की खालच्या अंगाच्या विहिरी बसणार. एका फडात एकच पीक हा नियम मोडला की पुनाने पाणी कुणाच्या सोयीने फिरवायचं? मग शेजारची पट्टी जाईल, मग तिच्या शेजारची. पाच वर्षांत इथे रुपचंदभाऊंचा मळा असेल आणि आपण त्यात मजुरीला जाऊ. हे मी तुला सांगते आहे! ज्याने मला हे सगळं पारावर उभं राहून शिकवलं त्याला!

आठवतं का रे, तू अमळनेरचं कॉलेज संपवून आलास तेव्हा बंधारा कसा होता? मधोमध खिंडार पडलेलं, त्यातून बकऱ्या ये-जा करायच्या. पाट बुजून बाभळी माजलेल्या. आजोबांच्या वेळचा फड म्हणजे म्हाताऱ्यांनी जेवणानंतर सांगायची गोष्ट झाली होती. तू ती गोष्ट धरून बसलास. आपल्या आबांना खाटेसकट उचलून नदीवर नेलंस आणि जुना पाट कुठून कुठे जायचा ते काठीने दाखवायला लावलंस. त्यांना चालता येत नव्हतं, पण त्या दिवशी आवाज असा चढला होता की पलीकडच्या काठाच्या बाया बघायला आल्या. मग तू घरोघर फिरलास. लोक तुला वेडा म्हणायचे. मला गावातल्या गावात दिलेली, त्यामुळे तुझा वेडेपणा मला सासरी बसून ऐकावा लागायचा. सासूबाई म्हणायच्या, तुझा भाऊ शिकून बिघडला. त्याच सासूबाई दुसऱ्या उन्हाळ्यात डोक्यावर घमेलं घेऊन दगड वाहत होत्या. कळण्याची भाकर आणि ठेचा, दुपारी बाभळीखाली सगळं गाव एका पंगतीला. तुझी सुलक्षणा नवी नवरी होती, हातावरची मेंदी गेली नव्हती, आणि चुना कालवायला सगळ्यांच्या पुढे.

बंधारा उभा राहिला, पाट मोकळे झाले, आणि पट्ट्या वाटायची वेळ आली तेव्हा शेपटाची पट्टी कुणालाच नको होती. साहजिक आहे. पाटाचं पाणी डोक्यापासून निघतं ते शेपटाला पोचेस्तोवर करंगळीएवढं उरतं. भांडण लागायची वेळ आली. तेव्हा तू उठलास आणि म्हणालास, शेपूट मला द्या. माझ्या पट्टीला पाणी पोचलं म्हणजे सगळ्यांना पोचलं, दुसरा हिशोब ठेवायला नको. मी त्या दिवशी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली होती. कुणाला सांगितलं नाही, आज सांगते. असला भाऊ मला दिला म्हणून ठेवली होती.

आणि आता पुनमने मला तुझं भाषण दाखवलं. जळगावच्या कुठल्या सभागृहातलं. खादीचा झब्बा, गळ्यात माइकची वायर, मागे पडद्यावर आपला बंधारा. शाश्वत म्हणालास, स्वावलंबी म्हणालास. पडद्यावर माझाही फोटो आला, डोक्यावर कडब्याची पेंढी, तोंड वेडंवाकडं. खाली लिहिलेलं, 'ग्रामीण महिला नेतृत्व'. नेतृत्वाला विचारलं तरी होतंस का फोटो लावू का म्हणून? आणि वर म्हणालास, "आमच्या गावात कुणी एकटा पडत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात तू रुपचंदभाऊंकडून इसार घेतलास. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. म्हण जुनी आहे, पण तुला मापात बसते. मी पुनमला म्हटलं, बंद कर ते. तिने बंद केलं, तर मी म्हटलं, पुन्हा लाव.

मला माहीत आहे तू का विकतोस. गावात म्हणतात जळगावला फ्लॅट घ्यायचा आहे. घे बापडा. पण त्यासाठी नाही विकत तू. तू माझ्यावरचा राग विकतो आहेस, आणि गिऱ्हाईक मिळालं आहे.

तर एकदा तेही बोलून टाकू. तीन वर्षांपूर्वीचा तो दुष्काळ. पाऊस पोळ्यालाच पाठ फिरवून गेला, बंधारा अर्धाही भरला नाही. फडाची पंचकमिटी बसली. तू तोवर व्याख्यानांत गुंतला होतास, म्हणून तूच सगळ्यांच्या मागे लागून मला तिची प्रमुख केलं होतंस. ठरलं की यंदा एकच फड भिजवायचा, डोक्याचा, आणि त्यातलं धान्य सगळ्यांनी सारखं वाटून खायचं. बाकीचे तीन फड कोरडे. उरलेलं पाणी माणसांना आणि गुरांना. आजूबाजूच्या गावांत टँकरपुढे हंड्यांच्या रांगा लागल्या होत्या, बाया एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या. आपल्याकडे टँकर आला नाही. एकही नाही. हे तू भाषणात सांगतोस. कसा आला नाही ते सांगत नाहीस.

शेपटाच्या पट्टीत तुझी कागदी लिंबं होती. तिथे झाडं नकोच होती, नियमात बसत नव्हती. पण ती सुलक्षणाने लावली होती, तिचं दुखणं वाढायच्या आधीच्या पावसाळ्यात. सगळ्यांनी कानाडोळा केला. मीही केला. ती गेली, आणि तू रोज संध्याकाळी जाऊन त्या रोपांपाशी बसायचास. मला दिसायचं. मग तो उन्हाळा आला आणि तू कमिटीपुढे आलास, झाडांना दोन वेळा पाणी द्या, फक्त दोन वेळा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर त्यांनीच उत्तर दिलं असतं, पण तू होतास, म्हणून ते माझ्यावर ढकललं. यशोदाबाई समोरच बसली होती. तिचा अख्खा हरभरा तिने त्याच फडात तुझ्या शब्दावर डोळ्यांदेखत वाळू दिला होता. तिच्या गाईला आपण मोजून पाणी देत होतो. तिच्यासमोर मी काय सांगू, की माझ्या भावाचं दुःख तुझ्या गाईपेक्षा मोठं आहे? मी नाही म्हटलं. तू म्हणालास, अक्का, तुझ्या छातीत काळीज नाही, बंधाऱ्याचा दगड आहे. सगळ्यांसमोर म्हणालास. महिनाभरात गाव सोडलंस.

माफी मागायला हे लिहीत नाही, नीट ऐक. मी बरोबर होते. आज पुन्हा तसा दुष्काळ पडला आणि पुन्हा तू आलास तर पुन्हा नाहीच म्हणेन. तूच केलेला नियम होता. आपल्या माणसापाशी येऊन जो नियम वाकतो तो नियम नसतो, असं तूच पारावर सांगायचास. मी तुझं ऐकलं, हाच माझा गुन्हा. तुला बहीण हवी होती आणि त्या दिवशी तुला कमिटी भेटली. याचं मला वाईट वाटतं. खूप वाटतं. पण वाईट वाटणं वेगळं आणि चुकणं वेगळं.

त्यानंतरची दोन वर्षं तू कापणीपुरता आलास. सकाळच्या एसटीने यायचं, खाली मान घालून आपली पट्टी कापायची, कुणाच्या घरचं पाणीसुद्धा न पिता दुपारच्या गाडीने परत. माझ्या उंबऱ्याला शिवला नाहीस. तुझ्या पट्ट्या पेरल्या तुझ्या भाऊजींनी, भिजवल्या पुनाने. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मधली पट्टी पडीक ठेवली तर पाणी पुढे सरकत नाही म्हणून पेरतो, असं तुझे भाऊजी म्हणतात. प्रेमराज पाटील म्हणजे तोंडाने गोड बोलायला पैसे पडतात असा माणूस, तुला माहीतच आहे.

आणि ते कोपऱ्यातलं लिंबू. बाकीची वाळून सरपण झाली, ते एकटं उभं राहिलं. दोन्ही वर्षं त्याच्याकडे पाठ करून तू विळा चालवलास. तुला वाटलं असेल पुनाने चोरून पाटाचं पाणी दिलं. पुनाला असलं काही सुचवून बघ, पायातलं काढेल. पाटाचं पाणी सगळ्यांचं होतं, ते मी दिलं नाही. पण माझ्या मोरीचं पाणी माझं होतं. भांड्यांचं, कपड्यांचं, पुनम आणि मी एका बादलीत अंघोळ उरकायचो तिचं. पाऊस येईपर्यंत रोज घागर भरून नेली. एकाच झाडाला पुरायची, म्हणून एकच जगलं. यात तुझ्यावरचं प्रेमबिम शोधू नकोस. झाड सुलक्षणाचं होतं. ती मला वहिनीपेक्षा जास्त होती, आणि तिने तुझ्यासारखं मला कधी दगड म्हटलं नाही. यंदा पहिल्यांदा फळ धरलंय. पुनमबरोबर चार लिंबं पाठव असं भाऊजी म्हणाले. मी पाठवली नाहीत. पाहिजेत तर येऊन तोड.

बाकी गावाचं बरं आहे. धान्यकोठाराला नवे पत्रे घातले. बियाण्याची दादर ज्वारी यंदा बाहेरून आणावी लागली नाही, उलट शेजारच्या गावाला दिली. शाळेच्या छपरावर सौरऊर्जेच्या पाट्या बसवल्या, त्यांच्यावर माकडं येऊन बसतात. बेबाबाईचा नातू सैन्यात गेला. यशोदाबाईची ती गाय व्याली, कालवड झाली.

दादर पिकून उभी आहे. असं पीक बंधारा झाल्यापासून आलं नव्हतं, कणीस हातात मावत नाही. पण पिकून आठवडा होऊन गेला. सकाळी पोपटांचे थवे उतरतात, बाया-पोरं डबे वाजवून दमली. आणि परवापासून पश्चिमेकडे आभाळ काळं धरतंय. दुपारी नुसती झळ लागते आणि संध्याकाळी गार वारा सुटतो, ही लक्षणं तुला सांगायला नकोत. साक्री भागात गारा पडल्या म्हणतात. पिकलेल्या दादरीवर पाऊस पडला की दाणा काळा पडतो, मग ती गुरंही तोंड वाकडं करून खातात. सगळ्या घरांची वर्षाची भाकर त्या फडात उभी आहे.

मग कापत का नाही, विचारशील. नवल, तू खरंच विसरलास का? पहिल्या वर्षी दोघांनी घाईने आपापलं कापलं, रिकाम्या पट्ट्यांत गुरं सोडली, आणि गुरांनी शेजाऱ्यांचं उभं पीक खाल्लं. डोकी फुटली होती. त्या रात्री नियम तू केलास. फडातल्या प्रत्येक घरचा माणूस आल्याशिवाय कुणी विळा लावायचा नाही. आणि पाणी ज्याला सगळ्यांत शेवटी मिळतं, पहिला विळा त्याचा. पहिला विळा शेपटाच्या पट्टीचा. तुझ्या हाताचा. तू भाऊजींना दोन ओळी पाठवून मोकळा झालास, कापणी तुमची तुम्ही करून घ्या, माझा आता संबंध नाही. काल पारावर सभा झाली. रोज सकाळी तू आलास का बघायला फडावर येऊन यशोदाबाई मला विचारते, "नवल उना का माय?" काल तीच उठून म्हणाली, "कितला दिन वाट देखानी? पानी उनं ते दादर काळी पडी जाई." एकेक करून सगळे तिच्या बाजूचे झाले. कापून घेऊ, तो नाही तर नाही. माझे स्वतःचे मालकसुद्धा. मी एकटी आडवी आले. म्हटलं, एकदा का एकाला वगळून विळा लागला, तर तो विकतोय ते बरोबरच आहे, मग आपल्यात आणि टँकरपुढच्या रांगेत फरक काय उरला? खूप बोलले मला. बंधाऱ्याचा दगड म्हणाले नाहीत, एवढंच. शेवटी सोमवारपर्यंत थांबायचं ठरलं. सोमवारीच तुझं शिंदखेड्याला खरेदीखत आहे, रुपचंदभाऊंनी सांगितलं. त्याआधी पाऊस आला तर गावाचं वर्ष माझ्यामुळे जाईल, आणि ते मला सुनवायला कुणी कमी करणार नाही. मी सगळ्यांची भाकर तुझ्या येण्यावर लावून बसले आहे. विश्वासाने नाही, रागाने. तेव्हा पहिल्या गाडीने ये. माझ्याशी बोलू नकोस, मीही बोलणार नाही. तुझी पट्टी काप, सगळ्यांना कापू दे, लिंबाखाली बसून दोन घास खा, आणि मग सोमवारी सही करायला हात उठला तर खुशाल कर, गाव आडवं येणार नाही. विळा आणू नकोस. आबांचा आहे, मी आजच धार लावून आढ्याला खोचलाय. उंबरा ओलांडल्याशिवाय तो तुझ्या हाताला लागायचा नाही.

रागाने, पण तुझीच,
कोकिळा अक्का